लाकडी बैलाची खांदशेकणी

बैल चालेना!

पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. चामोर्शीत दुपारपासून पावसाची झड लागली होती. अंगणात चिखल, ओसरीत दोरीवर टांगलेले ओले कपडे, आणि त्या कपड्यांखाली माझी पाच वर्षांची पुतणी रडवेली होऊन बसली होती. तिच्या पुढ्यात तिचा लाकडी बैल. वर्षभर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. आज तो खाली काढला, धूळ पुसली, दोरी बांधली आणि ओढला. पण चाकं फिरेचनात! बैल नुसता पाटासारखा घासत चालला.

“आत्या, हा रुसला माझ्यावर.”

तिच्या तीन वर्षांच्या भावाचं मत वेगळं होतं. “त्याला भूक लागली.”

मी बैल उचलून उलटा केला. बैलाचे चार पाय एका फळीवर ठोकलेले, फळीखाली दोन लाकडी आख, आणि प्रत्येक आखाच्या दोन टोकांना दोन चाकं. आख म्हणजे चाक ज्याच्याभोवती फिरतं तो दांडा. चाक बोटांनी फिरवून पाहिलं. घट्ट! जणू कुणी डिंक लावून चिकटवलंय.

तेवढ्यात मुलांचे आबाजी, म्हणजे माझे बाबा, छत्री झटकत आत आले. त्यांनी बैलाकडे पाहिलं, चाक दाबून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “अरे, याची खांदशेकणी कुठे झाली अजून? आधी खांदशेकणी, मग चालणं.”

दोघंही टकामका बघत राहिली. लाकडाच्या बैलाची खांदशेकणी?

ज्याला बोलता येत नाही, त्याला कसं सांगायचं?

थांबा, आधी तुम्हाला आमचं गाव दाखवते. चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जवळच मार्कंड्याला वैनगंगा नदी वळण घेऊन चक्क उत्तरेकडे वाहते आणि तिच्या काठावर जुनी, कोरीव दगडी मंदिरं उभी आहेत. आमच्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाचा. उरलेल्या जागेत जिकडे पाहाल तिकडे धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं, पाणी धरून ठेवणारं भाताचं शेत. पावसाळ्यात आधी चिखलणी, मग रोवणी. चिखलणीच्या दिवसांत बैल पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतत नांगर ओढतात. रोवणी आटोपते आणि श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो.

आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ फारसा येतच नाही. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. म्हणून म्हातारी माणसं पोळ्याला ‘पोरा’ म्हणतात. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात ‘पोर’ लपलेलं आहे. आणि खरंच, विदर्भात या सणाचा एक आख्खा दिवस पोरांचा असतो. पहिल्या संध्याकाळी खांदशेकणी, दुसऱ्या दिवशी बैलांचा मोठा पोळा, आणि तिसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. त्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून मिरवत नेतात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला, असं सांगितलं जातं.

प्रेमाचा सण कोणता, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल राखी, नाहीतर भाऊबीज. कॉलेजातली ताई-दादा मंडळी १४ फेब्रुवारी म्हणतील. मला विचाराल तर मी पोळा म्हणेन. का, सांगू? राखीला बहीण भावाशी बोलू शकते. पण बैलाला “तू आमच्यासाठी खूप राबलास, आम्हाला तू फार आवडतोस” हे शब्दांत सांगून कळेल का? नाही. मग त्याला ते कळावं कसं? हे शोधून काढावं लागतं. आणि शोधायला लागलं की विज्ञान आलंच!

लाकूड पाणी पितं

आता रुसलेल्या बैलाकडे येऊ. तो रुसला नव्हता, फुगला होता.

लाकूड आपल्याला ठणठणीत कोरडं दिसतं. पण झाड जिवंत असताना त्याच लाकडातून मुळांकडचं पाणी वर पानांपर्यंत चढत असतं. म्हणजे लाकूड ही बारीक बारीक नळ्यांची एक घट्ट मोळीच असते. झाड तोडलं, लाकूड वाळलं, तरी त्या नळ्यांच्या भिंतींची पाण्याची आवड काही सुटत नाही. पावसाळ्यात हवेत पाण्याची वाफ भरपूर असते. भिंती ती शोषून घेतात आणि जाड होतात. उन्हाळ्यात ती वाफ परत हवेत जाते आणि लाकूड आक्रसतं. तुमच्या घरातलं लाकडी दार जुलै-ऑगस्टमध्ये घट्ट बसतं आणि मे महिन्यात सहज उघडतं, त्याचं कारण हेच.

यात एक गंमत आहे. लाकूड जाडीत फुगतं, पण लांबीत जवळजवळ फुगतच नाही. नळ्यांची मोळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक नळी जाड झाली तर मोळीही जाड होणार, लांब नाही. म्हणून आमच्या बैलाचा आख लांबीला होता तेवढाच राहिला, पण जाडीला वाढला आणि चाकाच्या भोकात गच्च बसला. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते पाणी कमी पितं आणि कमी फुगतं. आमचा बैल बाजारातला, हलक्या लाकडाचा. त्यानं पोटभर पाऊस प्यायला होता.

आबाजींनी बैल चुलीपासून दोन हात लांब, उबेला ठेवला. “जवळ नको,” ते म्हणाले, “भराभर वाळला तर तडकेल. हळूहळू वाळू दे. मग आखाला तेल चोळा.”

आजीनं वाटीत खोबरेल दिलं. पुतणीनं बोट बुडवलं आणि आख आणि चाक यांच्या फटीत खसाखसा घासायला सुरुवात केली. आजी म्हणाली, “हरू हरू चोळ व माय! तो काय पळून चालला?”

‘हरू हरू’ म्हणजे हळू हळू. हा एवढासा शब्द लक्षात ठेवा. या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

हळू हात का आवडतो?

अंधार पडायच्या आत आम्ही शेजारच्या काकांच्या गोठ्यात गेलो. आमच्याकडे आता बैल नाहीत. बऱ्याच घरी चिखलणी ट्रॅक्टरनं होते. काकांकडे मात्र अजून एक जोडी आहे. एक पांढरा, एक तांबडा.

काकू पितळी वाटीत तूप आणि हळद कालवत होत्या. काका तांबड्याच्या मानेजवळ उभे राहिले. मान जिथे अंगाला जुळते आणि जिच्यावर जू टेकतं, तो बैलाचा खांदा. जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवर आडवं ठेवलेलं लाकूड. नांगराचा सगळा भार त्या जागी येतो. म्हणून तिथली कातडी जाड, राठ झालेली असते. काकांनी कोमट तूप-हळद हातावर घेतली आणि त्या राठ जागेवर सावकाश चोळायला लागले. हीच खांदशेकणी. कुठे हिला खांदेमळणीही म्हणतात.

मग आम्ही जे पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. आधी तांबड्या सारखी शेपटी उडवत होता. पाठीवर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरवत होता. आपल्याला अशी कातडी हलवता येत नाही, बरं का! जनावरांच्या कातडीखाली त्यासाठी खास स्नायूंचा थर असतो. पण खांद्यावर हात फिरायला लागला तशी त्याची शेपटी थांबली. कान सैल होऊन बाजूला लोंबले. आणि मान हळूहळू पुढे, लांब होत गेली, जणू “अजून थोडं इकडे” म्हणत असावा.

“आत्या, त्याला झोप येतेय,” पुतणी कुजबुजली.

झोप नव्हे, सुख! गाई-बैल एकमेकांवर माया करतात ती जिभेनं. एक जनावर दुसऱ्याचं डोकं, मान, वशिंडाच्या आसपासची जागा चाटत राहतं. वशिंड म्हणजे आपल्या देशी बैलाच्या पाठीवरचा उंचवटा. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी गाईंच्या अंगावरून वेगवेगळ्या जागी हात फिरवून पाहिला. जिथे गाई एकमेकींना चाटतात, त्या मानेच्या भागावर हात फिरवला की त्या मान लांब करतात, कान खाली सोडतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यांना आढळलं. आपल्या पूर्वजांकडे ठोके मोजायचं यंत्र नव्हतं. पण त्यांनी गोठ्यात बसून नीट बघितलं असणार. जू टेकतं म्हणून, आणि कदाचित यासाठीही, त्यांनी पाठ सोडून, पोट सोडून, नेमका खांदाच निवडला.

आणि माणसांचं काय? आपल्या कातडीत स्पर्श ओळखणाऱ्या अनेक प्रकारच्या नसा आहेत. काही टोचलेलं सांगतात, काही गरम-थंड सांगतात. पण काही नसा एका वेगळ्याच कामासाठी आहेत. कुणी मायेनं, सावकाश हात फिरवला की त्या जाग्या होतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या वेगानं फिरवून पाहिला. २००९ साली त्यांनी आपला शोध छापला. ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या वेगानं फिरला की या नसा सगळ्यात जास्त बोलतात, आणि लोकांनाही तोच वेग सगळ्यात जास्त आवडतो. त्याहून भरभर फिरवला, तर या नसा गप्प!

म्हणजे आजीचं ‘हरू हरू’ अगदी बरोबर होतं.

करून बघा: ताईला, दादाला किंवा आईला डोळे मिटायला सांगा. त्यांच्या हाताच्या वरच्या बाजूवर, मनगटापासून कोपरापर्यंत दोन बोटं फिरवा. आधी एका सेकंदात झर्रकन. मग मनात एक ते पाच सावकाश मोजत. कोणतं जास्त छान वाटलं, ते विचारा. मग जागा बदला. तुमच्या धाकट्या भावंडालाही करू द्या. तीन वर्षांच्या मुलालाही हे जमतं, आमच्या घरच्यानं करून दाखवलंय!

लाल शिंगं कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी मोठा पोळा. सकाळी बैलांना तलावावर नेऊन अंघोळ घातली. शिंगं घासली, रंगवली. एकाची लाल, एकाची हिरवी. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू चढत नाही. दुपारी सगळ्या गावचे बैल एका जागी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात. तोरण तुटतं, ‘पोळा फुटतो’, आणि बैल घरोघरी ओवाळून घ्यायला निघतात.

तांबड्या लाल शिंगं मिरवत आला तेव्हा पुतणीनं एक प्रश्न विचारला. “आत्या, त्याला त्याची शिंगं दिसतात का?”

काय सुंदर प्रश्न! चला, बघू.

बैलाचे डोळे आपल्यासारखे समोर नसतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त अगदी मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. म्हणून बैलाच्या मागून कधीही जायचं नाही. तो दचकतो आणि लाथ मारू शकतो. बैलाजवळ जायचं तर घरच्या मोठ्या माणसाबरोबर आणि त्याला आपण दिसू अशा बाजूनं.

आता रंग. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. तीन रंगांच्या तीन खिडक्याच म्हणा. गाई-बैलांच्या डोळ्यांत अशा दोनच खिडक्या असतात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना आपल्यासारखा कळत नाही. लाल फडकं पाहून बैल चवताळतो असं म्हणतात ना? तो चवताळतो फडकं हलतं म्हणून. रंगाशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

म्हणजे लाल शिंग आणि हिरवं शिंग हा सगळा थाट आपल्या डोळ्यांसाठी. सजवायला माझी ना नाही. सजवताना आपल्यालाच किती आनंद होतो! पण तो आनंद आपला. बैलापर्यंत काय पोहोचतं? अंघोळीचं गार पाणी पोहोचतं. खांद्यावरचा हळू हात पोहोचतो. एक दिवसाची सुट्टी पोहोचते. हिरव्या चाऱ्याचा वास पोहोचतो.

मला वाटतं, प्रेम करायचं म्हणजे हेच बघायचं. आपण काय दिलं, एवढंच बघून भागत नाही. त्याच्यापर्यंत काय पोहोचलं, तेही बघायचं.

पुरणपोळी किती द्यायची?

ओवाळून झालं की बैलाला पुरणपोळीचा घास द्यायचा. धाकट्यानं आपल्या ताटातली आख्खी पोळी उचलली, मग दुसरी, मग टोपलीच ओढायला लागला. “भूक लागली त्याला!” काकांनी प्रेमानं त्याचा हात धरला. “एक घास पुरे, बाबू. जास्त दिलं तर पोट दुखते त्याचं.”

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा बैल आणि पोळ्यांनी त्याचं पोट दुखणार?

दुखतं! बैलाच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला सगळ्यात मोठा. त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. आणि आत राहतात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्मजीव. गवत, तणस असलं कडक खाणं बैलाला स्वतःला पचवता येत नाही. ते हे सूक्ष्मजीव कुजवून, मऊ करून देतात. बदल्यात त्यांना राहायला उबदार घर आणि आयतं जेवण मिळतं. बैल घाईघाईनं गवत गिळतो आणि मग निवांत बसून तोच घास परत तोंडात आणून चघळतो. यालाच रवंथ म्हणतात.

या सूक्ष्मजीवांना सवय असते चाऱ्याची. एकदम खूप पीठ, गूळ, भात किंवा पोळ्या आल्या की त्यांच्यातले गोडखाऊ जीव भराभर वाढतात आणि आंबट आम्ल तयार करतात. कोटीपोट आंबून जातं. चारा पचवणारे बिचारे मरायला लागतात. बैल रवंथ सोडतो, सुस्तावतो, कधी तर जिवावर बेततं. म्हणून पोळ्याच्या आसपास पशुवैद्य कळकळीनं सांगतात, बैलाला गोडधोड मोजकंच द्या.

बघा, पुन्हा तेच! धाकट्याचं प्रेम खरं होतं. पण पोळी त्याला आवडते, बैलाच्या पोटाला नाही. धाकट्यानं टोपली सोडली आणि हिरव्या गवताची पेंढी आणली. तांबड्यानं जीभ लांब करून ती ओढून घेतली. जीभच लागते त्याला, कारण बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात! तिथे नुसती कडक हिरडी असते. खालचे दात मात्र असतात, आणि ते बघूनच शेतकरी वय सांगतात. दोनदाती म्हणजे तरुण, मग चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की ‘जुळला’.

करून बघा: बसलेला बैल किंवा गाय दिसली तर लांबूनच तिची मान बघा. एक गोळा गळ्यातून वर येताना दिसेल. आता एका घासाला ती किती वेळा चावते ते मोजा. साधारण ४० ते ६० वेळा भरेल. मग रात्री जेवताना तुम्ही एका घासाला किती वेळा चावता, तेही मोजा!

चाकांना किती वर्षं झाली?

रात्री घरी आल्यावर पुतणी धावत चुलीकडे गेली. बैल वाळला होता. आखाला तिनं परत तेल लावलं, या वेळी अगदी सावकाश. चाक धरून हलवलं. कर्र... कर्र... आणि फिरलं!

“रुसवा गेला!” ती ओरडली.

तेलानं काय केलं? लाकडावर लाकूड घासतं तेव्हा दोन्हींचे बारीक उंचवटे एकमेकांत अडकतात. हेच घर्षण. तेलाचा थर मध्ये आला की ते एकमेकांवरून सटकतात. लाकूड सुकून आख बारीक झाला आणि तेलानं वाट गुळगुळीत केली. आणि चाकाची जादू तर त्याहून मोठी. फळी जमिनीवरून ओढली तर सगळी फळी जमिनीला घासते. चाक मात्र जमिनीवर घासत नाही, गडगडतं. घासणं उरतं ते फक्त आखाजवळ, तेवढ्याशा जागेत. म्हणून जड बंडी, म्हणजे बैलगाडी, दोन बैलसुद्धा ओढू शकतात.

मुलांच्या बैलाला चाक लावायची ही कल्पना किती जुनी असेल? अंदाज करा.

१९७४ साली, आपल्याच महाराष्ट्रात, प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद गावी एक माणूस झुडपाची मुळं खणत होता. खणता खणता त्याला जमिनीत धातूच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि एक रथ. रथावर माणूस उभा आणि रथाला जुंपलेले दोन बैल! सगळं भरीव, आणि चाकांवर चालेल असं घडवलेलं. या वस्तू साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. त्याही आधीच्या सिंधू संस्कृतीच्या गावांत मातीच्या चाकांच्या छोट्या बैलगाड्या सापडल्या आहेत. मान हलवणारे मातीचे बैलही सापडले आहेत.

आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये याच दिवसांत ‘पोरा’ असतो. तिथे मुलांना चाकं लावलेले मातीचे बैल मिळतात. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी पोरानं ‘हिय्या’ म्हणत बैल ओढला असेल, आणि आज तुम्ही ओढता. मधल्या काळात किती राजे आले नि गेले, पण पोराचा बैल काही थांबला नाही.

करून बघा: पुस्तकांनी भरलेली पिशवी एका जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि दोरीनं ओढा. मग पुठ्ठ्याखाली पाच-सहा गोल पेन्सिली आडव्या ठेवून ओढा. दोरीला किती कमी जोर लागतो, ते हातालाच कळेल.

तान्हा पोळा

तिसरा दिवस. पाऊस उघडला होता. गावातली मुलंमुली नवे कपडे घालून, लाकडी बैल घेऊन चौकात जमली. कुणाचा बैल बोटाएवढा, कुणाचा वासराएवढा. कुणी पाठीवर झूल शिवली होती, कुणी शिंगांना गोंडे बांधले होते. पुतणीच्या बैलाच्या गळ्यात आजीनं जुन्या बांगड्यांची माळ घातली होती. चालताना तिचा किणकिण आवाज येत होता आणि चाकांचा कर्रकर्र. भाऊ मागून बैल ढकलत होता, कारण त्याला वाटत होतं, ताई एकटीच ओढून दमेल.

तोरण तुटलं आणि मुलं घरोघरी निघाली. प्रत्येक दारात काकू, मावशी, आजी उभ्या. त्यांनी बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवला. बोजारा म्हणजे पोळ्याची भेट. कुठे नाणं, कुठे खाऊ. लाकडाच्या बैलाचे पाय धुताना त्या बायकांच्या चेहऱ्यावर जराही हसू नव्हतं. अगदी खऱ्या बैलाचे धुवावेत तसे धुतले.

मोठी माणसं लाकडाच्या बैलाला इतक्या मनापासून का ओवाळतात? मला उत्तर सापडलं ते पुतणीकडे बघून. दीड-दोन वर्षांपासून मुलं ‘खोटं खोटं’ खेळायला लागतात. बाहुलीला भरवतात, काठीचा घोडा करतात. दुसऱ्याला काय हवं असेल, त्याला काय वाटत असेल, याचा सराव त्या खेळातच होत असतो. लाकडाच्या बैलाला भूक लागली असेल, तो दमला असेल, असं ज्याला वाटतं, त्याला खऱ्या बैलाचं दमणं दिसायला वेळ लागत नाही. आमच्या गावातल्या कितीतरी मुलांच्या घरी आता खरे बैल नाहीत. पण लाकडाचा बैल ओढता ओढता ती शिकतात, की जो आपल्यासाठी राबतो त्याचा खांदा कुठे दुखतो, ते माहीत असलं पाहिजे.

तुमच्या गावी पोळा नसेल तरी हरकत नाही. पुठ्ठ्याचा बैल करा, काडेपेटीचा करा. धाकट्या भावंडाला त्याचा खांदा चोळू द्या. आणि मग घरात बघा, आपल्यासाठी कोण कोण राबतं. त्यांच्यापर्यंत काय पोहोचेल, याचा विचार करा. कुणाला पाण्याचा पेला पोहोचेल. कुणाला आयतं निवडून दिलेलं धान्य पोहोचेल. कुणाला नुसतं शेजारी बसणं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. मुलांनी बोजाऱ्याची नाणी मोजली, तीन वेळा मोजली, आणि तिन्ही वेळा वेगळी आली. वहिनी, म्हणजे मुलांची आई, ओसरीत पाय लांब करून बसली होती. महिनाभर ती रोवणीला जात होती. दिवसभर वाकून, पाण्यात पाय रोवून, धानाची रोपं एक एक करून लावायची. रोवणी संपली होती, पण तिच्या पाठीतून ती अजून गेली नव्हती.

पुतणी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि खोबरेलाची वाटी घेऊन आली. आईच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात तेलात बुडवले आणि मानेच्या खाली, खांद्यांवर फिरवायला लागली. “हरू हरू,” ती स्वतःलाच सांगत होती. धाकट्यानंही एक बोट तेलात बुडवून आईच्या कोपराला लावलं.

वहिनी काही बोलली नाही. तिचे डोळे मिटले आणि मान सावकाश पुढे झुकली. अगदी परवा गोठ्यात तांबड्याची झुकली होती, तशीच.